नलवडे भाऊसाहेबांची पानं

“दार बाहेरून लावून घेतो हां, मॅडम,” तात्या बोंद्रे म्हणाले. “धूळ येते. कॉम्प्युटरला धूळ चालत नाही.”

मी त्या शाळेत लागून दहा महिने झाले होते. तात्यांना धुळीची आठवण पहिल्यांदाच होत होती.

“आणि माझा मोबाइल?”

“असू दे ऑफिसात. लक्ष विचलित होतं.”

“बाहेर जायचं झालं तर?”

“हाक मारायची. गेनू दारातच बसलाय.” चप्पल पायात सरकवत ते वळले. “हे बघा, सव्वाअकरा झालेत. तीनला काझी साहेब येणार. पडद्यावर जसं दिसत होतं तसंच निघालं पाहिजे. कमी नाही, जास्त नाही. तुम्ही हुशार आहात. संस्थेला हुशार माणसांची गरज आहे.”

तात्या शाळा चालवणाऱ्या संस्थेचे अध्यक्ष, आणि ‘संस्था’ हा शब्द ते दिवसाला सरासरी तीस वेळा वापरत. मोजायची सवय मला लहानपणापासूनची. तीसपैकी पंचवीस वेळा त्या शब्दाच्या जागी ‘मी’ घातलं तरी वाक्याचं काही बिघडत नसे. कडी लागली. खिडकीला गज होते आणि गजांपलीकडे सायकल स्टँड. पंखा एक, कॉम्प्युटर बारा, त्यातले चालू सात.

ही गोष्ट दोन हजार चौदाच्या सप्टेंबरातली, कऱ्हाडच्या वरच्या अंगाला असलेल्या एका गावातली. मी तिथे अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर कॉम्प्युटर शिकवत होते. शाळेचे मुख्याध्यापक महिनाअखेरीस निवृत्त होणार होते आणि त्यांच्या खुर्चीवर दोन माणसांचा हक्क होता, हुलवान बाई आणि इंगवले सर. दोघांची पात्रता सारखी. प्रश्न एवढाच की आधी कोण लागलं. बाई म्हणत, मी जून दोन हजार तीनपासून कायम आहे. संस्था म्हणे, बाई तेव्हा तात्पुरत्या होत्या, कायम झाल्या दोन हजार सहाला. इंगवले सर लागले दोन हजार चारला, म्हणजे बरोबर मधे. ते तात्यांच्या बहिणीचे चिरंजीव होते हे मला कुणी सांगितलं नव्हतं. स्टाफरूममध्ये चहा आला की पहिला कप त्यांच्यापुढे जाई, त्यावरून मीच काय ते ताडलं होतं.

दर वर्षी एक जानेवारीला शाळा शिक्षकांची सेवाज्येष्ठता यादी काढते. चार, पाच आणि सहा सालच्या याद्यांत बाईंचं नाव नव्हतं. बाईंनी तेव्हाच विचारलं होतं. “मान्यता यायची आहे, आली की नाव येईल,” असं तात्यांनी सांगितलं होतं. एकट्या बाईंचा पगार, दोन मुली, नवरा अर्धांगवायूने अंथरुणावर. बाई गप्प बसल्या. आता दहा वर्षांनी त्यांनी शिक्षण विभागाकडे अर्ज केला होता.

याद्यांचे कागद वाळवीने खाल्ले, असं संस्थेचं म्हणणं. वाळवीने नेमकी तीन वर्षं निवडून खाल्ली होती. पण विभागाकडे दोन हजार सात साली जमा केलेली एक सीलबंद सीडी होती. तिच्यावर शाळेची दोनशे चौदा पानं होती, इंटरनेटवर असतात तसली.

ती पानं शाळेचे जुने क्लार्क दिगंबर नलवडे यांनी केलेली. आमच्याकडे क्लार्कला भाऊसाहेब म्हणतात. नलवडे भाऊसाहेबांनी दोन हजार दोन साली साताऱ्याला तीन दिवसांचं वेबपेज बनवायचं प्रशिक्षण घेतलं आणि तिथून पुढे त्यांनी जगातली प्रत्येक गोष्ट वेबपेज म्हणून केली. सहामाहीचं वेळापत्रक, रजेची नोटीस, स्नेहसंमेलनाची निमंत्रणपत्रिका, सगळं नोटपॅडमध्ये हाताने टॅग लिहून करायचे, ब्राउझरमध्ये उघडायचे आणि तिथूनच छापायचे. वर्ड नावाचं काही असतं हे त्यांना ठाऊक होतं. त्यांचा त्याच्यावर विश्वास नव्हता.

टॅग म्हणजे टोकदार कंसात लिहिलेली सूचना. इथे तक्ता सुरू, इथे ओळ सुरू, इथे चौकट सुरू. सुरू केलं ते मिटवायचंही असतं. भाऊसाहेबांनी काहीच मिटवलं नव्हतं. जुने ब्राउझर समजूतदार होते, चालवून घेत. नव्या ब्राउझरमध्ये ती पानं उघडली की तक्त्यात तक्ता घुसायचा आणि एका शिक्षकाची जन्मतारीख दुसऱ्याच्या नावापुढे जाऊन बसायची. काझी साहेब हे विभागातले अधिकारी, सुनावणी त्यांच्यापुढे होती. त्यांनी सीडीची नक्कल काढून मूळ सीडी परत सील केली, नक्कल शाळेला पाठवली आणि लेखी कळवलं, की पानं वाचण्याजोगी करून सादर करा.

हाताने करायचं तर महिना लागला असता. मी प्रोग्राम लिहिला. प्रत्येक पान वाचायचं, उघडं राहिलेलं मोजायचं, योग्य जागी मिटवायचं. पाच दिवस लागले. उघडे टॅग निघाले नऊ हजार चारशे बारा. आदल्या दिवशी दुपारी शेवटची फेरी संपली आणि पडद्यावर याद्या अशा सरळ उभ्या राहिल्या, की मला माझाच अभिमान वाटला. तशीच पळत मी तात्यांकडे गेले.

“तात्या, गंमत बघा. एक हरवलेली ओळ सापडली!”

माझ्या आयुष्यातल्या मूर्खपणाची यादी केली तर हे वाक्य पहिल्या तिनात येईल.

तात्यांनी चष्मा लावून वाचलं. सौ. सुमित्रा हुलवान, नियुक्ती सोळा जून दोन हजार तीन, नियुक्तीचा प्रकार नियमित. तीन वर्षं, तीन याद्या.

“हे कुठनं आलं?”

“होतंच ते, फाइलमध्ये. रंगाची सूचना लिहिताना अवतरणचिन्ह उघडलं आणि मिटवायचं राहिलं. मग पुढचं चिन्ह भेटेपर्यंतचं सगळं ब्राउझर त्या रंगाच्या नावातच धरतो. पडद्यावर काही येत नाही. ती ओळ त्याच्या पोटात गेली होती. माझ्या प्रोग्रामने चिन्ह मिटवलं, ओळ बाहेर आली.”

“पण पडद्यावर दिसत नव्हती ना?”

“नाही.”

“छापली नव्हती ना?”

“नाही.”

“मग ती नव्हतीच,” तात्या शांतपणे म्हणाले. “मॅडम, तुम्ही दुरुस्त करायला बसलाय. नवीन माणसं जन्माला घालायला नाही. उद्या तेवढं काढून टाका. तुमची ऑर्डर पुढच्या महिन्यात संपतेय. कायमच्या जागेचं मी बघतो.”

मग त्यांनी उठून लोखंडी कपाट उघडलं, एक फाइल काढली, झटकली आणि परत ठेवली. त्या फाइलमध्ये काय होतं ते शाळेतल्या सगळ्यांना माहीत होतं. रुजू होताना आमच्याकडून राजीनामा लिहून घेत. सही करायची, तारीख मोकळी सोडायची. चौतीस जणांचा स्टाफ, चौतीस राजीनामे. ज्याची वेळ येईल त्याच्यावर तात्या तारीख घालत.

तर आता मी कडीच्या आत होते. काम पाच मिनिटांचं होतं. प्रोग्राममधला एक नियम काढला असता की हुलवान बाई परत त्या रंगाच्या पोटात गेल्या असत्या. आणि तेही चूक म्हणता आलं नसतं, कारण ब्राउझर खरोखरच तसं वाचत होता. कायमची नोकरी आणि पाच मिनिटं. मी पाऊण तास नुसती बसून राहिले. शिपाई गेनूमामा दोनदा गजातून डोकावून गेला.

बाराला कडी वाजली. दारात नलवडे भाऊसाहेब उभे होते, हातात चप्पल घेऊन. मागे तात्या.

“हे तुमच्या मदतीला. यांचीच पानं आहेत. काय अडलं तर विचारा. तीनला यांनाही साहेबांपुढे यायचंय.”

परत कडी. भाऊसाहेबांनी चप्पल भिंतीला लावून, जोड जुळवून ठेवली. दोन वर्षांपूर्वी ते निवृत्त झाले होते. बारीक अंगाचे, पांढरा शर्ट गळ्यापर्यंत बंद, खिशात दोन पेनं. त्यांच्याबद्दल मी एकच गोष्ट ऐकून होते. अठ्ठावीस वर्षांच्या हजेरीपत्रकात एक खाडाखोड नाही. स्वतः तेही हे सांगत, आणि न विचारता सांगत.

“तुमची पानं वाचली मी, भाऊसाहेब. सगळी.”

“बरी आहेत का?”

“बरी? नऊ हजार टॅग उघडे ठेवलेत.”

“मिटवायला सांगितलंच नव्हतं कुणी. तीन दिवसांचं तर ट्रेनिंग. मिटवायचं चौथ्या दिवशी असणार,” ते म्हणाले. “चालत होतं ना पण?”

“चालत होतं. म्हणून एक गोष्ट कळेना मला.” मी खुर्ची त्यांच्याकडे वळवली. “टॅग तुम्ही एकही मिटवला नाहीत. पण अवतरणचिन्हं मोजली मी. जोड्या पाच हजार नऊशे अठ्ठ्याऐंशी. एकूणएक मिटवलेल्या.”

“बघा म्हणजे.”

“एकांडी राहिलेली फक्त तीन. तिन्ही ज्येष्ठता यादीत. तिन्ही एकाच नावाच्या आधी.”

भाऊसाहेबांनी खिशातलं एक पेन काढलं, टोपण काढून परत लावलं.

“नजरचूक झाली असेल.”

“आणि क्रमांक? चार सालच्या यादीत बाईंच्या ओळीत चौदा आणि त्यांच्या पुढच्या ओळीतही चौदा. पाच साली तेरा दोनदा. सहा साली अकरा दोनदा. म्हणजे बाईंची ओळ दिसली नाही तरी पडद्यावर आकडे ओळीने यावेत. एवढी व्यवस्थित नजरचूक मी पाहिली नाही.”

बाहेर गेनूमामा खोकला. भाऊसाहेब दाराकडे बघत राहिले.

“तुम्ही हिशेबनीस व्हायचं सोडून मास्तरीण कशाला झालात?” ते हळू म्हणाले.

“सांगा ना.”

“सांगायचं काय? तात्या पाठीशी उभे होते. म्हणाले, ही ओळ काढ. मी म्हटलं, मान्यता आलीय की हो बाईंची. म्हणाले, तू काढ. मी ओळ निवडली. काळी झाली सगळी. नुसती कळ दाबायची.” त्यांनी तर्जनी पुढे केली. “बोट खाली जाईना. कागदावरचं खोडलं तर निदान खोडलेलं दिसतं, मॅडम. ह्याच्यात तेही नाही. गेलं ते गेलं. मग म्हटलं, तात्या, पाणी पिऊन येतो. पाणी प्यालो, आलो, तवर ते फोनवर बोलत होते. एक चिन्ह काढलं, खालचे आकडे बदलले, पान उघडून दाखवलं. नाव नाही. शाबास म्हणाले.”

“पुढची दोन वर्षंही?”

“हात बसला होता तवर.”

मला हसू आलं आणि मग आलं नाही. “बाईंना सांगितलंत?”

“नाही.”

“दहा वर्षांत?”

“माझाही कागद त्याच कपाटात होता की. तारखेवाचून.”

“दोन वर्षांपूर्वी रिटायर झालात. त्यानंतर?”

भाऊसाहेबांनी वाकून भिंतीजवळची चप्पल परत जुळवली. सायकल स्टँडवर मधल्या सुट्टीची पोरं आरडाओरडा करत होती. कुणीतरी खिडकीत येऊन ‘मॅडम कोंडल्या, मॅडम कोंडल्या’ म्हणून पळालं.

“मग सोपं आहे,” मी म्हटलं. “तीनला हेच सगळं काझी साहेबांना सांगायचं. तात्यांनी काढायला लावलं, तुम्ही झाकून ठेवलं. माझी मोजदाद पुरावा.”

“अन् मग?”

“मग बाईंना न्याय.”

“तुम्ही आकडे मोजता, मॅडम, माणसं मोजा जरा.” भाऊसाहेब पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघून बोलले. “क्लार्कनं मुद्दाम फाइलीत हात घातला म्हटल्यावर साहेब काय लिहितील? ज्या फाइलीला हात लागलाय ती पुरावा म्हणून धरता येत नाही. तात्या तर वाटच बघतील. म्हणतील, नलवड्याचं आणि बाईंचं संगनमत. याद्या झाल्यावर, सीडी द्यायच्या आधी, ह्यानंच नाव आत घातलं. कुठंय तुमच्याकडं उलट पुरावा? सगळ्या दोनशे चौदा पानांवर पाणी.”

त्यांचं खरं होतं.

“आणि साधी चूक म्हटलं तर?”

“चूक म्हटली की दुरुस्ती होते. चिन्ह मिटवायचं राहिलं, गबाळ्या माणसाचं काम, नऊ हजार ठिकाणी गबाळेपणा केलाय, अजून तीन ठिकाणी केला. मूळ यादीत नाव होतं, छापताना आलं नाही. बाई दोन हजार तीनच्या. मिटलं.”

“म्हणजे तात्याही सुटले.”

“ते सुटतातच. आज नाही तर उद्या. त्यांना धरायचं का बाईंना सोडवायचं, ते ठरवा. दोन्ही व्हायचं नाही ह्या खोलीतनं.”

“पण चिन्ह चुकून राहिलं म्हणता येईल. आकडे दोनदा कसे आले ते काय सांगणार?”

त्यांनी दोन्ही पेनं खिशात सारखी केली.

“तेवढं माझ्याकडं ठेवा.”

अडीचला तात्यांनी दार उघडलं. “झालं का काम?”

“झालं,” मी म्हटलं. कुठलं, ते त्यांनी विचारलं नाही.

मुख्याध्यापकांच्या खोलीत काझी साहेब खुर्चीत होते, जाड भिंगाचा चष्मा, पुढे सीडीचं सील फोडलेलं पाकीट. एका बाजूला इंगवले सर, इस्त्रीच्या शर्टात. दुसऱ्या बाजूला हुलवान बाई. पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला, मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी आणि त्यात दहा वर्षांचे कागद. बाई ती पिशवी दोन्ही हातांनी धरून बसल्या होत्या.

मी प्रोग्राम चालवला. नियम होता तसाच होता. चार सालची यादी पडद्यावर आली आणि बाईंचा श्वास मला तीन हातांवरून ऐकू आला.

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, एखादी नोंद करून ठेवावी तसं.

“साहेब, हा प्रोग्राम आमच्या मॅडमनी घरी बनवलेला. तो मनानं नावं घालतो,” ते म्हणाले. “छापील यादीत हे नाव कधीच नव्हतं. बाईंनाच विचारा.”

“नव्हतं,” बाई म्हणाल्या.

“मूळ फाइल उघडा,” काझी साहेब मला म्हणाले. “प्रोग्राम नको. साधी.”

मी नोटपॅडमध्ये उघडली. साहेबांनी खुर्ची पुढे ओढली आणि बोट ठेवून ओळ न् ओळ वाचली. सीडी त्यांनी स्वतः आणली होती, सील स्वतः फोडलं होतं. नाव आहे हे त्यांनी पाहिलं. चिन्ह उघडं आहे हेही पाहिलं. मग त्यांचं बोट थांबलं.

“चौदा. आणि हेही चौदा.” त्यांनी मान वर केली. “हे काय आहे?”

तात्या एकदम सरसावून बसले. त्यांना त्या दोन चौदांमध्ये दार दिसलं होतं, संगनमताचं.

“साहेब, ते माझं,” नलवडे भाऊसाहेब उभे राहिले. हात जोडलेले. “मी केलेलं पान आहे. मला आकडे नीट जमत नाहीत.”

“जमत नाहीत?”

“पहिल्यापासनंच कच्चा, साहेब. एकाखाली एक लिहिताना तोच आकडा परत पडतो माझ्या हातनं.”

“आणि हे चिन्ह?”

“राहिलं. माझं लक्ष नसायचं. बघा ना, कुठलाच कंस मिटवलेला नाही मी. मॅडमनी नऊ हजार चुका काढल्यात माझ्या.”

“तीन वर्षं, तीच चूक, त्याच नावावर?”

“मागल्या वर्षीचं पान उचलायचो, साहेब, अन् तेच पुढं चालवायचो. चूक पण पुढं चालली.”

काझी साहेबांनी पाच सालची यादी उघडायला लावली. मग सहाची. तेरा आणि तेरा. अकरा आणि अकरा. नुसतं उचललेलं पान असतं तर तिन्हीकडे चौदाच राहिले असते. जो माणूस दर वर्षी आकडा बदलतो, आणि दर वर्षी नेमका दोन ठिकाणी तोच घालतो, त्याला आकडे जमत नाहीत असं मला कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते. साहेबांना ते दिसलं की नाही, मला आजही सांगता येणार नाही. त्यांनी चष्मा काढून पुसला. पुसायला लागतो त्यापेक्षा जास्त वेळ पुसला. मग माझ्याकडे वळले.

“मॅडम, तुम्ही सगळी पानं तपासलीत. ही नुसत्या निष्काळजीपणानं झालेली चूक असू शकते?”

माझ्या वहीत पाच हजार नऊशे अठ्ठ्याऐंशीचा आकडा होता. वही मांडीवर उघडी होती. मी ती मिटवली.

“असू शकते, साहेब.”

“भाऊसाहेबांच्या पानांवरून तुमचं मत?”

“फार गबाळं काम आहे,” मी म्हटलं. “विश्वास ठेवण्याजोगं नाही... म्हणजे मांडणी. मजकूर आहे तसा आहे.”

भाऊसाहेबांनी मान खाली घालून ती हलवली, अगदी बरोबर, अशी.

तात्यांची हुशारी मला मान्य करावी लागेल. संगनमत म्हणावं तर चौकशी, आणि चौकशी म्हणजे यादी कुणी करायला लावली इथपर्यंत जाणार. क्लार्कची चूक म्हणावी तर भाचा गेला, पण स्वतः कोरडे. त्यांना हिशेब करायला घोटभर चहाएवढा वेळ लागला.

“मी तर कायम म्हणायचो, साहेब,” ते खुर्चीत मागे टेकून म्हणाले. “नलवडे पहिल्यापासून गाफील. संस्थेनं सांभाळून घेतलं म्हणून टिकला. काय रे दिगंबर?”

“होय, तात्या.”

“अठ्ठावीस वर्षं सांभाळलं. आणि हा असा उजेड!”

इंगवले सर खिडकीबाहेर बघू लागले. काझी साहेबांनी तिथेच हाताने निकाल लिहिला आणि वाचून दाखवला. तत्कालीन लिपिकाच्या निष्काळजीपणामुळे नाव छपाईत गळाले, मूळ नोंद ग्राह्य, अर्जदाराची सेवा सोळा जून दोन हजार तीनपासून नियमित. लिपिकाने खाली सही करावी. भाऊसाहेबांनी पेन काढलं. सही करायच्या आधी त्यांनी ते वाक्य पुन्हा एकदा वाचलं, निष्काळजीपणामुळे या शब्दावर थोडे थांबले आणि मग खाली नाव लिहिलं. अक्षर मोत्यासारखं होतं. त्या वाक्याखाली ते फार विचित्र दिसत होतं.

बाई रडल्या नाहीत. त्यांनी पिशवी खाली ठेवली. मग भाऊसाहेबांकडे वळून पाहिलं. त्या नजरेसमोर मी असते तर मला उभं राहता आलं नसतं.

व्हरांड्यात मी भाऊसाहेबांना गाठलं. ते वाकून चप्पल घालत होते.

“तुम्ही आता गेलात तरी चालेल. बाईंना मी नंतर सांगते खरं काय ते. त्यांच्यापुरतं. निकाल तर लागलाय.”

ते चटकन सरळ झाले. “खबरदार.”

“अहो, पण त्या तुम्हाला...”

“काय सांगाल खरं? मी नाव राखलं हे सांगाल. अन् त्याच्या मागोमाग काय येतं? म्हणजे ह्याला ठाऊक होतं. दहा वर्षं. बाईंच्या घरी रेशन आणायला पैसे नसायचे तेव्हा ठाऊक होतं. नवऱ्याला मिरजेच्या दवाखान्यात न्यायला वरिष्ठ वेतनश्रेणी मिळाली असती तर बरं, असं त्या माझ्यासमोर बसून म्हणाल्या, तेव्हा पण ठाऊक होतं.” त्यांचा आवाज फुटला, तो त्यांनी खोकून झाकला. “गबाळ्या माणसाला लोक चार शिव्या देतात अन् सोडून देतात, मॅडम. मला गबाळाच राहू द्या.”

ते गेटातून बाहेर पडले. गेनूमामाने त्यांना नेहमीसारखा नमस्कार घातला नाही. निकाल इतक्या लवकर शिपायापर्यंत पोहोचला होता.

माझा राजीनामा त्याच संध्याकाळी मंजूर झाला. तारीख तात्यांच्या अक्षरात, सही माझी. तीन आठवड्यांनी मी अनुभवाचा दाखला घ्यायला गेले, तेव्हा मुख्याध्यापकांच्या खुर्चीत हुलवान बाई होत्या. त्यांनी उठून मला जवळ घेतलं, दार लोटलं, दाखल्याचा कोरा कागद स्वतः पुढे ओढला.

“तुझ्यासाठी काही करता आलं नाही गं मला. तात्यांशी दोनदा बोलले. दाखला तरी माझ्या हाताने देते.”

“बाई, तुम्ही बसलात इथे, पुष्कळ झालं.”

त्या लिहू लागल्या. माझं नाव, कालावधी, विषय. मधेच पेन थांबलं.

“परवा नलवडे आला होता घरी. पेढे घेऊन. मी उंबऱ्याच्या आत नाही घेतला त्याला.”

मी दाखल्यावरच्या माझ्या नावाकडे बघत राहिले.

“तात्यांचा राग येत नाही मला. ते तसेच आहेत, माहीत होतं. पण हा माणूस तीन वर्षं स्टाफरूममध्ये माझ्यासमोर बसून चहा प्यायचा. माझ्या डब्यातली चटणी खायचा. यादी करताना आपल्यासमोरच्या माणसाचं नाव गळलंय हे एकदाही दिसू नये? एकदाही?” त्यांनी मान वर केली. “तू सगळी पानं तपासलीस. तूच सांग. खरंच दिसलं नसेल त्याला?”

बाहेर तास झाल्याची घंटा वाजली आणि व्हरांडा पोरांनी भरून गेला. आवाज कमी होईपर्यंत बाई थांबल्या. त्या उत्तराची वाट बघत होत्या.

“नाही बाई,” मी म्हटलं. “दिसलं नसेल.”

बाईंनी सुस्कारा सोडला आणि परत कागदावर वाकल्या.

“वर्तणूक उत्तम, लिहिते. आणि प्रामाणिक. लिहू ना?”

“लिहा,” मी म्हटलं.